पाहिलेले आणि ऐकलेले

इ. स. १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून एक गेंडा जहाजाने लिस्बनला रवाना झाला. गुजरातच्या सुलतानाने आल्बुकर्कला दिलेली ती भेट होती. गेंड्याचे वर्णन व एक रेखाटन लिस्बनहून न्यूरेंबर्गला पोहोचले आणि तेवढ्यावरून आल्ब्रेख्त ड्यूररने, तो प्राणी डोळ्यांनी न पाहताच, त्याच वर्षी आपले जगप्रसिद्ध काष्ठठशाचे चित्र सिद्ध केले. चित्र अप्रतिम, परंतु त्यातील गेंड्याच्या पाठीवर एक जादा शिंग उगवले! युरोपातील ग्रंथांतून ते पुढे दोनशे वर्षे मिरवत राहिले.

१६१२ मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून काही अपूर्व पशुपक्षी जहांगीर बादशहाकडे नेले. त्यांत मूळचा अमेरिकेतील टर्की पक्षी होता. त्याच्या डोक्यामानेचे पालटणारे रंग बादशहाने स्वतः न्याहाळून नोंदले आणि चित्रकारांना हे प्राणी रेखाटण्याची आज्ञा दिली. उस्ताद मन्सूरचे मानले जाणारे टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यात जे आहे ते पाहिलेले आहे, ऐकलेले नाही.

ड्यूररची प्रतिभा तोकडी नव्हती. त्याच्यासमोर गेंडा नव्हता, इतकेच. डोळ्यांनी पाहून हाताने काढणे ही शास्त्राची पहिली पायरी होय, हाच या दोन चित्रांचा धडा आहे. दोन्ही प्राणी आमच्या भूमीवरून गेले. तो धडा मात्र आम्ही घेतला काय?

पेडणे महालात मोरजी व मांद्रेच्या किनाऱ्यांवर सागरी कासवे अंडी घालण्यास येतात. डिचोलीत मयेच्या तळ्याकाठी पक्षी उतरतात. तरीही आमची मुले चित्रकलेच्या तासाला छापील तक्त्यावरचा सिंह गिरवीत असतील, तर तो दोष त्यांचा नव्हे. डिचोलीचे डोंगर खाणींनी पोखरले. मोपच्या पठारावर २०२२ मध्ये विमानतळ झाला. विकासाचे हिशेब मांडले जातात, पण तेथे काय वावरत होते याची नोंद कोण ठेवतो?

शिक्षण खात्याने वर्षातून निदान चार तास चित्रकला व विज्ञानाच्या शिक्षकांनी मुलांना एकत्र बाहेर न्यावे, अशी आमची सूचना आहे. कासवाला त्रास न देता, दुरून पाहावे. रेखाटनाखाली गाव व तारीख लिहावी. वह्या शाळेत जपून ठेवाव्यात. यास कागद, पेन्सिल आणि थोडी सवड एवढेच लागते. रेषा वेडीवाकडी आली तरी चालेल. नसलेले शिंग तेवढे उगवू नये.