पाठलाग म्हणजे प्रेम नव्हे, गुन्हा! पण कायद्यातल्या फटींचे काय?

फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भररस्त्यात पेट्रोल टाकून जाळण्यात आले. आठवडाभरात तिचा मृत्यू झाला. २०२२ मध्ये आरोपीला जन्मठेप झाली. पण अशा घटनांची सुरुवात पेट्रोलपासून होत नाही. ती एस.टी. स्टँडवर रोज उभे राहण्यापासून आणि नकार दिल्यावरही येणाऱ्या फोनपासून होते. कायद्याने हस्तक्षेप करायचा तो तिथे.

दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर न्यायमूर्ती वर्मा समिती नेमली गेली. त्यानंतर २०१३ च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत कलम ३५४ (ड) आले. १ जुलै २०२४ पासून हाच गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे.

त्याचे दोन भाग आहेत. पहिला, स्त्रीने नाराजी स्पष्ट दाखवूनही पुरुषाने वारंवार तिचा पाठलाग करून संपर्क साधणे किंवा तसा प्रयत्न करणे. दुसरा, तिच्या इंटरनेट, ई-मेल वा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्कावर पाळत ठेवणे. या दुसऱ्या भागात आधी नकार दिल्याची अट नाही. शिक्षा पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत, पुन्हा दोषी ठरल्यास पाच वर्षांपर्यंत आणि दंड.

मुलीला मारहाण झाली पाहिजे, अशी अट कायद्यात नाही, ही जमेची बाजू. मात्र फटीही आहेत. 'पाठलाग आणि संपर्क' अशी शब्दरचना असल्याने न बोलता रोज मागे येणाऱ्याचे काय, हा वाद उरतो. अठरा वर्षांखालील मुलींसाठी पोक्सो कायद्याचे कलम ११ अधिक व्यापक आहे. लैंगिक हेतूने वारंवार पाठलाग, पाळत किंवा संपर्क, यांपैकी काहीही एक पुरे. दुसरी फट म्हणजे पहिला गुन्हा जामीनपात्र आहे. तक्रार केल्यावर तोच माणूस संध्याकाळी पुन्हा वस्तीत दिसू शकतो.

आणि नुकसान कोणाचे होते? मुलगी नंबर बदलते, रस्ता बदलते, शेवटी कॉलेज सोडते. घरचे घाईने लग्न उरकतात. शिक्षण हेच आपल्या समाजाचे भांडवल आहे. ते हिरावले गेल्याची नोंद कोणत्याही आरोपपत्रात होत नाही.

आपल्या कार्यकर्त्यांनी एक तरतूद पाठ करावी. २०१५ च्या दुरुस्तीनंतर ॲट्रॉसिटी कायद्याच्या अनुसूचीत पाठलागाचा गुन्हाही आहे. पीडिता अनुसूचित जातीची आहे हे माहीत असूनही इतर समाजातील पुरुषाने तो केला, तर कलम ३(२)(व्हीए) लागू होते. १९९० पासून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा कायम आहे. अशा गुन्ह्याचा तपास किमान उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो आणि कलम १८ अटकपूर्व जामीन रोखते.

म्हणून मेसेज आणि कॉलची यादी पुसू नका, स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. हद्दीचे कारण सांगून पोलीस गुन्हा नोंदवणे टाळू शकत नाहीत आणि जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना मोफत वकील मिळतो.

एक गोष्ट मात्र कायदा करू शकत नाही. आपल्याच वस्तीतला मुलगा कुणाच्या मागे फिरत असेल, तर त्याला थांबवणे हे त्याच्या मित्रांचे काम आहे. मुलीला घरात बसवणे हा त्यावरचा उपाय नाही.