भीतीच्या पहाऱ्यात माहिती सुरक्षित राहत नाही

भिलाईच्या हुडको वसाहतीत राहणाऱ्या पोलाद कामगाराला 12 जून 2014 हा दिवस समजावून सांगावा लागत नाही. त्या दिवशी कारखान्याच्या पंपगृहात बिघाड होऊन पाण्याचा दाब घटला आणि झोतभट्टीचा विषारी वायू बाहेर पसरला. सहा जणांचे बळी गेले. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापकही होते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. म्हणूनच काहीतरी बिघडल्याची शंका ज्याला प्रथम येते, त्याने तत्क्षणी बोलणे अत्यावश्यक ठरते.

आज कार्यालयातील संगणकावर आणि घरी परतलेल्या कामगाराच्या मोबाईलवरही असाच अदृश्य धोका येत आहे. थकबाकीचे आमिष दाखविणारा संदेश येतो, साहेबांच्या नावाने पासवर्ड मागितला जातो. फेब्रुवारी 2016 मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे 8 कोटी 10 लाख डॉलर चोरीस गेले. व्यवहारांची नोंद छापणारा प्रिंटर बंद पडला होता. पण तो नेहमीचाच बिघाड समजला गेला. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून 94 कोटींहून अधिक रुपये लुटले गेले. त्यातील बहुतांश रक्कम 28 देशांतून काही तासांत काढली गेली.

केंद्र शासनाच्या 2022 च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविणे संस्थांवर बंधनकारक आहे. परंतु ज्याच्या हातून चूक घडली तोच भयाने गप्प बसला, तर ते सहा तास मोजावयाचे कोठून?

येथेच प्रश्नाचे वर्गीय स्वरूप उघड होते. व्यवस्थापन म्हणते, कर्मचारी निष्काळजी आहेत. पण ज्याचा गेटपास उद्या काढून घेतला जाऊ शकतो, तो कंत्राटी संगणकचालक आज आपली चूक कबूल कशी करील? ‘साहेब, आधी खात्री करून घेतो’ असे म्हणण्याची ज्याला मुभा नाही, तो साहेबाच्या आवाजात बोलणाऱ्या ठगाला कसा अडवील? आत्मविश्वास भित्तिपत्रकांनी निर्माण होत नाही. तो नोकरीच्या शाश्वतीतून आणि संघटनेच्या पाठबळातून येतो.

आपल्या संघटनांनीही हा विषय केवळ तंत्रज्ञांचा मानून दूर ठेवला, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. यापुढे सुरक्षा समित्यांच्या प्रत्येक बैठकीत तो मांडला पाहिजे. प्रशिक्षण कामाच्या वेळेत, पगारी आणि कामगाराच्या भाषेत व्हावे. त्यातून कंत्राटी कामगार वगळला जाऊ नये. संशयास्पद आदेशाची खातरजमा करणे हा अवज्ञेचा गुन्हा ठरू नये. अनवधानाने झालेली चूक ताबडतोब सांगणाऱ्यास शिक्षा होऊ नये. आणि सुरक्षेच्या नावाखाली कामगारांवर पाळत ठेवण्याच्या प्रयत्नांना ठाम विरोध झाला पाहिजे.

झोतभट्टीजवळ धोक्याची हाक देणाऱ्यास आपण शहाणा म्हणतो. संगणकासमोर बसलेल्या साथीलाही तीच हाक निर्भयपणे देता आली पाहिजे. ती निर्भयता मिळवून देणे हे संघटित कामगारांचे कर्तव्य आहे.