सायकलीपुरती थंडी बोटांनी ठरवावी

माझ्या वर्गमित्रांनो आणि भिंतीपाशी उभे राहून वाचणाऱ्या पालकांनो,

या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी बाईंनी 'माझे मत' असा विषय दिला आहे. झाडे, स्वच्छता आणि मोबाइल हे विषय बाकीच्यांनी आधीच घेतले. मी थंडी घेतली. कारण थंडी पडली की सायकलवर जायचे की नाही, हे आमच्याकडे कोणी नीट ठरवतच नाही. मोठी माणसं म्हणतात, "एवढ्याला काय होतंय?" मुलं म्हणतात, "मला तर काहीच वाजत नाही." आणि दोघं खोटं बोलतात. माझे मत असे आहे की सायकलीपुरती थंडी जास्त झाली का, हे आकड्यावरून ठरवू नये. फुशारकीवरून तर नाहीच नाही. ते हाताच्या बोटांवरून ठरवावे.

आकड्याचं आधी सांगते. आपला निफाड तालुका थंडीसाठी सगळ्या महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात तापमान मोजतात आणि थंडीच्या दिवसांत तो आकडा पेपरात छापून येतो. डिसेंबर २०१८ मध्ये तो २ अंशांच्याही खाली गेला होता. तेव्हा मी अंगणवाडीतसुद्धा जात नव्हते, पण घरात अजून त्या थंडीचं नाव निघतं. तर हा आकडा वाचून लोक ठरवतात, आज थंडी आहे, आज नाही. पण पेपरात येतो तो आकडा कालच्या सकाळचा असतो! आज सकाळी सायकल मी चालवणार, आणि आकडा कालचा.

दुसरे असे की हवामानाचा थर्मामीटर पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच ठेवतात. पेटीला फटी असतात, पण ऊन आणि वारा सरळ आत येत नाही. हे बाईंनी आम्हाला चित्र काढून दाखवलं. मी काही पेटीत बसून शाळेत येत नाही. शिवाय गार हवा जड असते, ती रात्री वाहत जाऊन खोलगट जागेत साठते. आमच्या मळ्याकडून गावात येताना ओढ्याचा उतार लागतो. वर रस्त्यावर ठीक असतं, आणि खाली उतरलं की एकदम रांजणात हात घातल्यासारखं होतं. दहा-बारा पायडल मारले की परत वर. हा ओढा पेपरात येत नाही.

सायकल चालवताना वारा आपणच तयार करतो, हे पुष्कळ जणांना पटत नाही. आमचा मळा ते शाळा ३ किलोमीटर. मला १५ मिनिटं लागतात. म्हणजे तासाला १२ किलोमीटर, हे चौथीचंच गणित आहे. झाडाचं पान हलत नसलं तरी माझ्या तोंडावर तासाला १२ किलोमीटरचा वारा लागतो. वारा लागल्यावर किती थंडी वाटते याचं एक सूत्र कॅनडा आणि अमेरिका या देशांनी २००१ साली ठरवलं. बाईंनी ते मोबाइलवर करून दाखवलं. ५ अंश थंडी आणि १२ किलोमीटरचा वारा असला तर उघड्या कातडीला साधारण २ अंशांसारखं वाटतं. उताराला सायकल जोरात पळते, तेव्हा अजून कमी. तोच मुलगा चालत आला तर त्याला वारा फारसा लागत नाही, आणि चालून अंग गरम होतं ते वेगळंच.

आता बोटांचं. थंडीत शरीर आपलं रक्त पोटाकडे, छातीकडे राखून ठेवतं आणि हातापायाच्या टोकांना कमी पाठवतं. म्हणून नाक आणि बोटं आधी गार पडतात. सायकलवर पाय तरी हलत असतात. हात मात्र हँडल धरून एका जागी, सगळ्यात पुढे, वाऱ्यात. आणि ब्रेक त्याच हातात. आधी बोटं झोंबतात, मग दुखतात, आणि मग एकदम दुखायची थांबतात. आपल्याला वाटतं, चला, बरं झालं, सवय झाली. सवय झालेली नसते. बोटं बधिर झालेली असतात. त्या बोटांनी ब्रेक दाबला तर दाबला की नाही हेच कळत नाही.

मागच्या जानेवारीत आमच्या वर्गातला एक मुलगा पडला. त्याने लिहायला परवानगी दिली आहे, फक्त नाव लिहू नको म्हणाला. तो सकाळी सायकलला किटली अडकवून डेअरीला दूध घालायला जातो. त्या दिवशी धुकं होतं. उताराच्या शेवटी उसाची बैलगाडी उभी होती. त्याला ती दिसली होती. त्याने घंटी वाजवायला पाहिली, अंगठा हलला नाही. ब्रेक दाबायला पाहिला, बोटं वळली नाहीत. तो गाडीच्या मागच्या उसावर जाऊन आदळला. हनुवटीला तीन टाके पडले आणि दूध सगळं सांडलं. घरी त्याला बोलणी बसली, की झोपेत सायकल चालवतोस. काही जण म्हणाले, ब्रेक ढिला असेल. सायकल दुकानात नेली तर ब्रेक चांगला होता! रबरसुद्धा नवीन होतं. मग सगळे गप्प झाले, पण बोटांचं नाव कोणीच घेतलं नाही. त्याने दोनदा सांगितलं होतं. लहान मुलाने सांगितलं म्हणून ते कारण धरलं नाही, असं मला वाटतं, आणि मला त्याचा राग येतो.

मी अशी परीक्षा करते. निघताना नाही, कारण निघताना चुलीपुढून उठलेलो असतो, हात गरमच असतात. तेव्हा सगळेच पास होतात. मी अर्ध्या रस्त्यात, ओढ्याच्या उताराच्या अलीकडे सायकल थांबवते. एक पाय खाली टेकते. दोन्ही हातांचा अंगठा करंगळीला लावते. लागला, आणि ब्रेक तीन वेळा पूर्ण दाबता आला, तर पुढे सायकलवर. अंगठा करंगळीपर्यंत पोचला नाही तर मी उतरते आणि सायकल हातात धरून चालत येते. हात आलटून पालटून काखेत घालते. थोड्या वेळाने बोटं परत दुखायला लागतात, मुंग्या येतात. मुंग्या आल्या की समजायचं, रक्त आलं.

यावरून कोणी म्हणेल की हिला शाळा बुडवायची आहे. तसं अजिबात नाही. सायकलला जास्त असलेली थंडी चालायला जास्त नसते. अर्धा रस्ता चाललं तर मला फार तर बारा-तेरा मिनिटं जास्त लागतात.

माझे आजोबा म्हणतात, "आमच्या टायमाला आम्ही सदऱ्यावर हिंडायचो." आजोबा खरंच हिंडले असतील. पण त्यांनीच एकदा सांगितलं होतं की ते शाळेत चालत जायचे, सायकल त्यांना लग्नानंतर मिळाली. मी हे त्यांना म्हटलं तर ते हसले आणि विडी शोधायला लागले.

दुसरी बाजूपण सांगितली पाहिजे. फिनलंड देशात ओउलू नावाचं शहर आहे. तिथे शून्याच्याही खूप खाली थंडी जाते आणि तरी मुलं बर्फातून सायकलवर शाळेत जातात. मग आपण कोण लागून गेलो? पण तिथे सायकलींचे वेगळे रस्ते आहेत आणि त्यावरचा बर्फ काढतात. मुलांना जाड कपडे आणि हातमोजे असतात. आमच्या वर्गात हातमोजे दोघांकडेच आहेत. मी पायमोजे हातात घालते, त्याने वारा अडतो, पण ब्रेक सटकतो. माकडटोपीने कान गरम राहतात, पण मागून ट्रॅक्टर आलेला कमी ऐकू येतो. म्हणून ओउलूतल्या मुलाची थंडी आणि माझी थंडी एका आकड्याने मोजता येणार नाही. त्याची बोटं वळत असतील तर त्याने खुशाल जावे.

हवामान खात्याचाही एक नियम आहे. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून खाली आणि शिवाय नेहमीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी असलं, किंवा सरळ ४ अंशांवर किंवा त्याखाली आलं, की थंडीची लाट धरतात. हा नियम चांगला आहे. पण आमच्या मित्राला टाके पडले तेव्हा लाटेची बातमी नव्हती. पेपरात ७ अंश होते.

आपल्याकडे थंडी वाढली की द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवतात, कारण फार थंडीने मणी तडकतात. माझे वडीलसुद्धा रात्री उठून जातात. बागेला पाणी सोडतात, धूर करतात. ते बरोबरच आहे, आमचं वर्षाचं सगळं त्यावर असतं. पण ते बागेत मण्याला बोट लावून बघतात, पेपर उघडून बघत नाहीत. माझ्या बोटांचंपण तसंच बघावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. मूल सायकल हातात धरून चालत आलं तर त्याला भित्रं म्हणू नये आणि उशीर का झाला म्हणून ओरडू नये. डेअरीवरच्या काकांनी जास्त थंडीच्या दिवसांत मुलांसाठी दहा मिनिटं काटा चालू ठेवावा. शनिवारी आपली शाळा सकाळची असते. त्या दिवशी मळ्यातली मुलं प्रार्थनेनंतर आली तर हजेरीत उशीर लावू नये, असं मी बाईंना विचारलं आहे. बाई म्हणाल्या, गुरुजींशी बोलते. सूर्य उगवायच्या सुमाराला थंडी सगळ्यात जास्त असते आणि ऊन अंगावर आलं की अर्ध्या तासात बोटं सुटतात, हे गुरुजींनाही माहीत आहे, कारण तेही फटफटीवरून येतात आणि आल्यावर पहिली पाच मिनिटं खडू धरत नाहीत.

ज्यांना माझे मत पटले नसेल त्यांच्यासाठी बाईंनी खाली कोरा कागद चिकटवला आहे. पेन सुतळीला बांधलेलं आहे.

— इयत्ता चौथीतली एक विद्यार्थिनी