कुडाच्या भिंतीचे मोल

गेल्या हिवाळ्यात मुलाने हट्टाने आम्हां दोघांना आणि नातीला चार दिवसांच्या सुट्टीसाठी सह्याद्रीतल्या एका ‘बुटीक हॉटेला’त नेले. खोल्या अवघ्या नऊ. दारात कोकम सरबताचा पेला, अंगणात तुळशीवृंदावन, ओसरीवर झोपाळा. खोलीच्या भिंती कुडाच्या आणि वर शेणामातीचा गिलावा. कोपऱ्यात एक जाते मांडलेले. दळण्यासाठी नव्हे, बघण्यासाठी. आमच्या सौ.ने खुंटा फिरवून पाहिला आणि हसून सोडून दिला. नातीने भिंतीवर हात फिरवला. “आजोबा, ही खरी माती आहे?” मी नखाने खरवडून पाहिले. तारण खरे की खोटे हे हात लावून बघायची बँकेतली सवय निवृत्तीनंतरही जात नाही. माती खरी होती. एका रात्रीचे भाडे बारा हजार रुपये, कर वेगळा.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. गादीचा दोष नव्हता. ती भिंत माझ्या ओळखीची निघाली होती.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस मी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका शाखेत होतो. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातच होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. शेळ्या, बैलजोडी, शिलाई मशीन अशा छोट्या कर्जांचे अर्ज घेऊन धडगावकडच्या पाड्यांवर जावे लागे. पावरा कुटुंबाचे घर म्हणजे लाकडी खांब, बांबूच्या कुडाला मातीचा लेप, वर उतरते छप्पर, आत सारवलेली गार जमीन. आमच्या छापील अर्जात एक रकाना असे : ‘घर – पक्के / कच्चे’. ‘कच्चे’वर खूण केली की पुढच्या किमतीच्या रकान्यात शून्य. अशी कितीतरी शून्ये मी माझ्या हाताने लिहिली आहेत. आता त्याच कुडाच्या भिंतीआड झोपण्यासाठी माझा मुलगा बारा हजार मोजत होता. मधल्या तीस-पस्तीस वर्षांत असे काय घडले, आणि वाढलेली किंमत कोणाच्या खात्यावर जमा झाली, हा प्रश्न काही डोक्यातून जाईना.

‘बुटीक’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ साधा, दुकान. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली इयान श्रेगर आणि स्टीव्ह रुबेल या दोघांनी ‘मॉर्गन्स’ नावाचे छोटे हॉटेल काढले आणि तेव्हापासून या जातीच्या हॉटेलांना हे नाव रुळले. मोठी हॉटेले म्हणजे सर्व वस्तू मिळणारे भांडार. आमचे मात्र निवडक मालाचे छोटे दुकान, अशी ती उपमा. आपल्याकडे राजस्थानातला पडका नीमराणा किल्ला १९९१मध्ये हॉटेल म्हणून उघडला आणि जुन्या वास्तूलाही गिऱ्हाईक आहे हे लोकांना कळले. मोठे साखळी हॉटेल सारखेपणा विकते. मुंबईतली खोली आणि सिंगापूरची खोली एकच. छोटे हॉटेल वेगळेपणा विकते. तो वेगळेपणा मालक बांधत नाही, तो त्या जागेत आधीच असतो. धुके, तळे, तिथली भाकरी, घर बांधायची तिथली रीत. बँकेच्या भाषेत बोलायचे तर हे त्या धंद्यातले भांडवल. परंतु प्रकल्प अहवालात जमीन, इमारत, फर्निचर यांना रकाने असतात. या भांडवलाला रकाना नसतो. म्हणून त्यावर लाभांशही कोणाला द्यावा लागत नाही.

आमच्याच मुक्कामाचा हिशेब मांडून पाहा. नऊ खोल्या, वर्षातल्या दीडशे रात्री जरी भरल्या, तरी होतात एक कोटी बासष्ट लाख. सकाळी अंगण सारवायला येणाऱ्या बाईंना सौ.ने मजुरी विचारली. “चारशे, ताई.” महिन्याचे तीसही दिवस काम मिळाले तर बारा हजार. आमची एक रात्र.

आता नंदुरबारकडे वळू, कारण हा प्रश्न उद्या तिथे येणार आहे. अक्राणी तालुक्यातले तोरणमाळ समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे. शहाद्याहून निघून सातपायरी घाट चढला की वर यशवंत तलाव, सीताखाईची दरी, गोरखनाथाचे मंदिर. महाशिवरात्रीला यात्रा भरते, एरवी शांतता. महाबळेश्वर-माथेरानची गर्दी अजून इथे पोचलेली नाही आणि नेमकी हीच गोष्ट आजच्या बाजारात सर्वांत महाग आहे. आज ना उद्या एखादा चाणाक्ष वास्तुविशारद ते तळे पाहील, पावऱ्यांची घरे पाहील आणि नऊ खोल्यांचा आराखडा काढील.

त्याला वाईट का म्हणावे? २०११च्या जनगणनेत लोकसंख्येच्या सुमारे ६९ टक्के आदिवासी असलेला हा जिल्हा. इथून दरवर्षी माणसे कुटुंबासह ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला जातात. गावातच काम मिळत असेल तर ते नको, असे शहरात बसून म्हणणे सोपे आहे. प्रश्न काम मिळण्याचा नाही, कोणते काम मिळणार याचा आहे. धडगाव भागात उन्हाळ्यात घरोघरी कैऱ्या सोलून, कापून, वाळवून आमचूर करतात. उन्हातली मेहनत पाड्यावरची, भाव मात्र व्यापाऱ्याच्या वखारीत ठरतो. पर्यटनाचेही असे आमचूर होऊ द्यायचे का?

शेजारी एक उदाहरण आहेच. जिल्ह्याची उत्तर सीमा नर्मदा. सरदार सरोवराच्या पाण्यात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे बाधित झाली. मणिबेलीचे नाव तर देशभर गाजले. त्या धरणाच्या पायथ्याशी ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी १८२ मीटर उंचीच्या पुतळ्याचे लोकार्पण झाले, आलिशान तंबूंची वसाहत उभी राहिली, २०२१मध्ये रेल्वेही आली. पर्यटक सज्जात चहा घेत जे पाणी बघतात, त्याच पाण्याखाली नदीच्या वरच्या अंगाला आपल्या माणसांची शेते आहेत. खुद्द सारंगखेड्याला दत्तजयंतीची घोड्यांची यात्रा पिढ्यान् पिढ्यांची. चेतक महोत्सव सुरू झाल्यावर तापीकाठी तिथेही ऐटदार तंबू लागले. यात्रा संपली की तंबू उठतात. मागे गावात काय राहते, हे विचारायला हवे.

दुसऱ्या टोकाला सावंतवाडी. तिथल्या राजघराण्याने मोडीत निघालेली गंजिफा कला १९७०च्या दशकात हाताशी धरली, कारागीर घडवले. अलीकडे राजवाड्याच्या आवारात छोटे बुटीक हॉटेल निघाले आणि त्याच्या खोल्यांची सजावट गंजिफाच्या दशावतारांवर बेतली गेली. तिथे कला आधी जगवली गेली, हॉटेल मागाहून आले. हा क्रम महत्त्वाचा. पण तिथे वाडा आणि वारसा दोन्ही मालकाचेच होते. अक्राणीच्या पाड्यावर वारसा एकाचा आणि पैसा दुसऱ्याचा असणार.

तिथे कायदाही वेगळा आहे. अक्राणी आणि अक्कलकुवा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगरआदिवासीला घेता येत नाही; १९९६च्या पेसा कायद्याने ग्रामसभेच्या हाती अधिकार दिले. या संरक्षणाची दुसरी बाजू मी टेबलामागून पाहिली आहे. थकलेल्या कर्जात जमिनीच्या लिलावाला गिऱ्हाईक मिळत नाही, म्हणून बँका हात आखडता घेतात. मग सोपा मार्ग सुचवला जातो : जमीन भाडेपट्ट्याने द्या. २०२५मध्ये राज्य सरकारने असा विचार बोलून दाखवला आणि त्यावर वादही झाला. भाडेपट्टा म्हणजे ठरलेली रक्कम, धंदा वाढला तरी तीच. आणि मालकाने स्वतःच्या जागेत झाडू मारायला जायचे.

दुसरा मार्ग लांबचा, पण स्वतःचा. २०२४मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘धरती आबा’ अभियानात आदिवासी गावांतल्या एक हजार घरगुती निवासांची तरतूद आहे : नव्या बांधकामाला पाच लाखांपर्यंत, दुरुस्तीला तीन लाखांपर्यंत, गावाच्या सामायिक गरजांना पाच लाखांपर्यंत. २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अशा घरांसाठी मुद्रा कर्जाची घोषणा झाली. मुद्रा म्हणजे तारणाविना कर्ज. माझ्या त्या शून्याच्या रकान्याची अडचण निदान कागदावर तरी मिटली.

मात्र अनुदानाने खोली उभी राहते, धंदा उभा राहत नाही. माझ्या नोकरीत वाटलेल्या बैलजोड्यांचे पुढे काय झाले हे मला ठाऊक आहे. बैल दिले, चारा-पाणी कोणी पाहिले नाही. इथेही स्वच्छ संडास, बारमाही पाणी, धुतलेल्या चादरी, चालणारा फोन आणि सुट्टीचा हंगाम संपल्यावरचे आठ महिने, यांचा विचार आधी हवा. एकट्या घराला ते झेपणार नाही. पाच-दहा घरांनी मिळून, ग्रामसभेच्या नियमांनी आणि बचत गटाच्या हिशेबाने ते झेपेल. आणि बाहेरचा हॉटेलवाला आलाच, तर ग्रामसभेने भाडे नव्हे, भागीदारी मागावी. जागा हे भांडवल आहे, असे करारात लिहून घ्यावे. बँकांनीही तो रकाना अर्जात छापावा.

आपले, म्हणजे सुट्टीला जाणाऱ्यांचेही एक काम आहे. खोली ठरवताना आपण गरम पाणी आणि नाश्ता विचारतो. जागा कोणाची, गावातली किती माणसे कामाला आणि कोणत्या कामाला, हेही विचारावे. गिऱ्हाईकाने विचारलेले धंद्यात लवकर ऐकू येते.

निघायच्या सकाळी त्या बाई अंगण सारवत होत्या. नात त्यांच्याजवळ उकिडवी बसली होती. “मावशी, तुमचं घर पण असंच आहे?”

“असंच होतं, बाळा,” बाई म्हणाल्या. “आता पत्रा घातलाय. कच्च्या घराला कोण विचारतं?”

गाडीत बसल्यावर नातीने त्याचा अर्थ मला विचारला. शून्य लिहिणाऱ्यांपैकी मी एक होतो, हे सांगायला मला घाट उतरेपर्यंत वेळ लागला.