घेतलाय म्हणून खेळवायचा

१३ ऑगस्ट २०२२, शनिवार. रात्री दहाची मॅच. वाकडच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये चौघं जण, टीव्हीला जोडलेला एक लॅपटॉप, आणि ब्रेंटफर्डकडून पस्तीस मिनिटांत चार गोल खाल्लेलं मँचेस्टर युनायटेड. नव्या मॅनेजरची, एरिक टेन हागची, लीगमधली ही दुसरीच मॅच. आदल्या रविवारी ब्रायटनने घरच्या मैदानावर येऊन हरवलं होतं. हाफटाइमला मागवलेली बिर्याणी कुणी उघडलीसुद्धा नाही. मॅच संपल्यावर आम्ही चौघांनी एकमुखाने ठराव केला : मॅनेजरला हवे ते खेळाडू घेऊन द्या. पैसे काढा.

तीन आठवड्यांच्या आत क्लबने पैसे काढले. रेआल माद्रिदकडून तिशीचा कासेमिरो आला आणि खिडकी बंद होता होता आयाक्सकडून अँटनी आला. साडेनऊ कोटी युरो, वर पन्नास लाखांची बोली वेगळी. त्या वेळच्या दराने साडेसातशे कोटी रुपये. आयाक्सने हाच पोरगा दोन वर्षांपूर्वी साधारण दीड कोटी युरोत ब्राझीलहून आणला होता. त्या दिवशी अ‍ॅमस्टरडॅममध्ये कुणीतरी नक्की पेढे वाटले असतील.

मी पण वाटले. एफसी रोडवरून साडेपाचशे रुपयांची नकली जर्सी आणली, पाठीवर अँटनी, २१. आणि गड्याने सुरुवात काय केली! आर्सेनल, सिटी, एव्हर्टन, लीगच्या पहिल्या तीन मॅचमध्ये तीन गोल. मग ऑक्टोबरच्या शेवटी युरोपा लीगमध्ये शेरीफविरुद्ध त्याने चेंडूवर पाय ठेवून स्वतःभोवती गिरकी घेतली, पुन्हा घेतली, आणि पुढचा पास थेट मैदानाबाहेर मारला. हाफटाइमला त्याला बाहेर काढलं. आम्ही हसलो. हसणं पुढचे दीड वर्ष चालू राहिलं, फक्त त्यातली मजा गेली.

माझी तक्रार काय आहे, ते आधीच सांगतो. खेळाडू विकत घेणं आणि संघ निवडणं ही दोन कामं एका माणसाच्या हातात असली, की दुसरं काम पहिल्याचं वकीलपत्र घेतं. स्वतः मागून आणलेल्या खेळाडूला बसवणं म्हणजे दर शनिवारी जगासमोर ‘माझं चुकलं’ असं लिहून देणं. कोणता मॅनेजर ते लिहून देईल? तो आणखी एक मॅच देतो. मग आणखी एक. २०२३-२४च्या मोसमात अँटनी लीगच्या २९ मॅचमध्ये मैदानावर दिसला आणि त्याने एक गोल केला. एक. टेन हागला नको त्या खेळाडूला नाही म्हणायचा अधिकार होता, हे तेव्हा सगळीकडे छापून आलेलं होतं. म्हणजे वरच्यांनी गळ्यात मारलेला हा खेळाडू होता, अशी पळवाटही उरत नाही.

आता त्याच जागेवरचा दुसरा मुलगा बघा. अमाद डियालो २०२१पासून क्लबकडेच होता. २०२२-२३मध्ये त्याला उसना सुंदरलंडला पाठवला, तिथे त्याने १४ गोल केले. परत आला, गुडघा दुखावला, डिसेंबरात बरा झाला. आणि बसला. गुडघा बरा झाल्यावरही तो बसूनच होता. टेन हागने त्या काळात उजवीकडे काय काय करून पाहिलं! गार्नाचोला बाजू बदलून खेळवलं, अकादमीतला एक कोवळा पोरगा फुलहॅमविरुद्ध थेट उतरवला. अमादकडे मात्र नजर जाईना. १७ मार्च २०२४ला एफए कपमध्ये लिव्हरपूलविरुद्ध जादा वेळ संपता संपता तोच अमाद धावत सुटला आणि ४-३ झालं. जर्सी काढली म्हणून दुसरं पिवळं कार्ड घेऊन तो बाहेर गेला, तेव्हा मी बाल्कनीत होतो आणि खालच्या मजल्यावरचे काका वर बघून हात जोडत होते. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं, की त्या मॅचमध्ये ८७व्या मिनिटाला बरोबरीचा गोल अँटनीनेच केला होता. माझा राग त्याच्यावर कधीच नव्हता. त्याने कुणाला ‘माझी किंमत साडेनऊ कोटी लावा’ असं सांगितलं नव्हतं.

मॅनेजर मवाळ होता म्हणून असं झालं, असंही नाही. हा माणूस कठोर होऊ शकत होता. रोनाल्डोला त्याने दरवाजा दाखवला (बरोबरच होतं). मॅग्वायरचं कप्तानपद काढलं. १७ मॅच गोल न खाता मोसमाचा गोल्डन ग्लोव्ह घेतलेल्या डि हेयाला बारा वर्षांनंतर जाऊ दिलं. सांचोने जाहीर तोंड उघडलं तर त्याला मुख्य संघापासून तोडलं. व्हरानला आठवडेच्या आठवडे बेंचवर ठेवलं. यादी पुन्हा वाचा. यातला एकही त्याने आणलेला नव्हता. शिस्त सगळी सावत्र पोरांसाठी.

मी हे ओळखतो, कारण मी ऑफिसात हेच बघितलंय. मी आधी ज्या कंपनीत होतो तिथे आमच्या आर्किटेक्टने हट्टाने एक महागडा डेटाबेस घेतला. तो आधीच्या कंपनीत तोच वापरत होता. आमच्या कामाला तो बसत नव्हता, साध्या रिपोर्टला चाळीस-चाळीस सेकंद लागत. पण लायसन्सवर सही त्याची होती. त्यामुळे प्रत्येक नवीन प्रोजेक्टमध्ये तोच डेटाबेस, आणि प्रत्येक मीटिंगमध्ये ‘तुम्ही क्वेऱ्या नीट लिहीत नाही’. पुढे खर्च कमी करायची वेळ आली तेव्हा गेले ते रात्रपाळीचे सपोर्टवाले तिघं. त्या तिघांचं पुढे सांगतो, कारण ते या लेखात उगाच आलेले नाहीत.

आयाक्सहून टेन हागने मार्टिनेझ आणला, तो सोन्यासारखा निघाला. पण ओनानाही तिथलाच, आणि २०२४च्या उन्हाळ्यात बायर्नमार्गे आलेले डि लिख्त आणि मझरावीही मूळचे तिथलेच. ओळखीचा माणूस घ्यायला माझी हरकत नाही. आपणही ओळखीच्याच प्लंबरला बोलावतो. हरकत याला आहे, की आयाक्सचे खेळाडू आले आणि आयाक्सचा खेळ आलाच नाही. डि हेयाला पायाने खेळता येत नाही म्हणून ओनाना आणला, आणि मग बहुतेक मॅचमध्ये चेंडू मधली फळी ओलांडून लांबच मारला. पुढचे पाच जण दाबायला वर धावत, मागचे चौघे घाबरून आपल्या बॉक्सकडे सरकत, आणि मध्ये एवढी मोकळी जागा की तिथे गणपतीचा मांडव पडला असता. त्या मांडवात एकटा कासेमिरो, तिशी उलटलेला, इकडून तिकडे धावतोय. चॅम्पियन्स लीगच्या गटात सहा मॅचमध्ये १५ गोल खाऊन आम्ही तळाला राहिलो. ओनाना गालातासरायविरुद्ध चुकला हे खरंच. पण ज्या गोलकीपरला दर मॅचला पंधरा-वीस फटके झेलायचेत, तो कधीतरी चुकणारच. ते फटके येऊ देणारा आराखडा कुणाचा होता?

चेल्सीविरुद्धची ४ एप्रिल २०२४ची रात्र सांगायला नको. ९९व्या मिनिटाला आम्ही ३-२ने पुढे होतो, मॅच ४-३ने हरलो. आपल्याकडे पहाटेचे तीन वाजत आले होते. साडेनऊला स्टँडअप होता. मॅनेजरने विचारलं, डोळे का लाल आहेत? मी सांगितलं, सर्दी.

इथे कुणीतरी म्हणेलच, ‘वेळ द्यायला हवा होता. फर्ग्युसनला दिला होता की.’ हा श्लोक मला पाठ आहे. नोव्हेंबर १९८६ला फर्ग्युसन आला, पहिला चषक १९९०ला. पण त्या मधल्या वर्षांत त्याने पोरं शोधायची आणि वाढवायची यंत्रणा उभी केली. १९९२चा युवा संघ त्यातून निघाला. त्या वेळेत काहीतरी पिकत होतं. टेन हागच्या दुसऱ्या वर्षी आम्ही आठवे आलो, प्रीमियर लीग सुरू झाल्यापासूनचा तोवरचा सगळ्यात खालचा क्रमांक, आणि केलेल्या गोलांपेक्षा खाल्लेले जास्त.

दुसरा युक्तिवाद जास्त वजनदार आहे : दोन वर्षांत दोन चषक. २०२३चा लीग कप आणि २०२४चा एफए कप. खरं आहे. २५ मे २०२४ला सिटीला हरवलं तेव्हा मी रडलो, आणि त्याबद्दल मला काडीची लाज नाही. पण त्या दिवशीचे अकरा जण आठवा. अँटनी नव्हता. माउंट नव्हता. होयलुंड नव्हता, तो नंतर आला. कासेमिरो नव्हता. त्याने मोठ्यात मोठ्या रकमा मोजून आणलेले मैदानावरचे चार खेळाडू सुरुवातीला बाहेर होते. गोल केले गार्नाचो आणि माइनू या अकादमीतल्या दोन पोरांनी, आणि पुढच्या फळीत घाम गाळत होता पाच वर्षांचा असल्यापासून क्लबात असलेला स्कॉट मॅकटॉमिने. पावत्या घरी ठेवून संघ निवडला, तर हा माणूस गार्डिओलाला हरवू शकत होता! यापेक्षा जास्त चीड आणणारी गोष्ट माझ्या माहितीत नाही.

आणि क्लबने त्यातून काय घेतलं? जुलैमध्ये टेन हागचा करार वाढवला. ऑगस्टमध्ये मॅकटॉमिनेला नापोलीला विकलं, कारण अकादमीतला खेळाडू विकला की हिशेबात सगळा नफाच दिसतो. महाग घेतलेला विकला की तोटा दिसतो. म्हणजे चुकीची खरेदी घरातच राहते आणि घरचं पोर बाजारात जातं. पुढच्या मे महिन्यात मॅकटॉमिने इटलीचा विजेता होता, वर त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू. टेन हागला ऑक्टोबरच्या २८ तारखेला काढलं तेव्हा आम्ही चौदावे होतो.

आता ते तिघं सपोर्टवाले. टेन हाग आणि त्याच्या सहकाऱ्यांना जाताना क्लबने एक कोटी पौंडांच्या वर भरपाई दिली. त्याच वर्षी क्लबने अडीचशेच्या आसपास नोकऱ्या कमी केल्या, पुढच्या वर्षी आणखी दोनशेपर्यंत जातील असं जाहीर केलं. ओल्ड ट्रॅफर्डवरच्या कर्मचाऱ्यांचं मोफत जेवण बंद करून त्याऐवजी फळं ठेवली. मोसमाच्या मध्यात उरलेली तिकिटं सरसकट ६६ पौंडांची केली, त्यात लहान मुलांना आणि पेन्शनवाल्यांनाही सवलत नाही. एका विंगरच्या किमतीत ती कँटीन किती वर्षं चालली असती याचं गणित मी केलेलं नाही, करणारही नाही; झोप उडेल. मालकांचं पाप मोठं आहेच, ते वेगळं. पण ‘मॅनेजरला हवं ते द्या’ म्हणून ओरडणारे आम्ही, बिर्याणी न उघडता बसलेले चौघं, त्या जेवणाच्या ताटात कुठेतरी आहोत.

नंतर अमोरिम आला. तो तीन बचावपटूंचा आराखडा घेऊन आला आणि हातात संघ होता चार बचावपटूंसाठी जमवलेला. पंधरावे आलो. पुन्हा तीच हाक : त्याला हवे ते खेळाडू द्या. आमच्या ग्रुपवरही आली. मी या वेळी अंगठा दिला नाही, एवढंच.

गावाकडचे मित्र म्हणतात, ‘भावा, तुझं काय जातंय? तू मंगळवार पेठेतला.’ मुद्दा बरोबर आहे, पण तो त्यांच्यावरच उलटतो. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी मॅच असली आणि निवड चुकली, तर गॅलरीतून नाव घेऊन सांगतात. ज्याने निवड केली त्याला संध्याकाळी त्याच पेठेतून घरी जायचं असतं, चहाच्या टपरीवर उत्तर द्यायचं असतं. माझ्या लहानपणी हे इतकं स्वाभाविक वाटायचं, की कुणाला जाब विचारताच येत नाही असा फुटबॉल असू शकतो, हे मला पुण्यात येऊन टीव्हीसमोर कळलं.

अँटनी जानेवारी २०२५मध्ये उसना बेटिसला गेला. मे महिन्यात कॉन्फरन्स लीगच्या सेमीफायनलमध्ये फिओरेंतिनाविरुद्ध मी त्याला बघितलं, रात्री साडेबाराला, एकट्याने. बाकीचे तिघे म्हणाले, आता कशाला? त्याने फ्री-किक मारली, भिंतीवरून, सरळ जाळ्यात. संघ फायनलला गेला. सप्टेंबरमध्ये अडीच कोटी युरोंच्या आसपास तो कायमचा तिकडचा झाला. २१ नंबरची जर्सी अजून माझ्याकडे आहे. घेतली होती म्हणून दोन वर्षं घातली. आता तिने बाइक पुसतो, पण त्या रात्री धुऊन वाळत टाकली होती.