मोडलं म्हणून टाकायचं का? : बाबांच्या गाडीची सीट

दर दिवाळीला या सदरात आपण घरातल्या एखाद्या जुन्या वस्तूचं काय करायचं ते ठरवतो. आजवर बहुतेक प्रश्न स्वयंपाकघरातून आणि कपाटातून आले. यंदाचा गराजमधून आला आहे. तो म्हटलं तर फोमचा आहे, म्हटलं तर बापलेकांचा.

न्यू जर्सीतल्या एका वाचक भगिनींच्या बाबांकडे १९७२ सालची एमजीबी आहे. ड्रायव्हरची सीट इतकी खचली आहे की बाबा खाली उशी घेऊन बसतात. भाऊ म्हणतो, दोन्ही सीटमध्ये नवा फोम घालू. बाबा म्हणतात, "हात लावायचा नाही. ती सीट माझ्या अंगाची झाली आहे." आई म्हणते, गाडीच विका. आता करायचं काय?

ज्यांना या गाडीची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एमजीबी ही इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावी बनणारी दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांवर गाड्या बनल्या आणि त्यातल्या बहुसंख्य अमेरिकेत आल्या. त्यामुळे आजही तिचे सुटे भाग इथे सहज मिळतात, सीटच्या फोमसकट. म्हणजे अडचण मिळण्याची नाही, बदलावं की नाही याची आहे.

आपल्याकडे गादी बसली की पिंजाऱ्याला बोलवायचे. तो अंगणात बसून पिंजण वाजवत कापूस पिंजायचा आणि त्याच कापसाची गादी पुन्हा फुगायची. फोमचं तसं नाही. फोम म्हणजे बारीक बारीक पोकळ्यांचं जाळं. ऊन, दमट हवा आणि रोजचं वजन यांनी त्या पोकळ्यांच्या भिंती तुटतात. तुटल्या की त्यांना पिंजून काही उपयोग नसतो. जुन्या बीटलच्या सीटमध्ये काथ्या किंवा केसांना रबर लावून केलेली गादी असे. काथ्या म्हणजे आपल्या कोकणातल्या नारळाच्या सोडणाचा, तोच. पुढे रबराचा आणि मग पॉलियुरेथेनचा फोम सगळीकडे आला. बसायला मऊ, बनवायला स्वस्त, पण त्याचं आयुष्य ठरलेलं.

पण थांबा. सीट खचली म्हणजे फोमच गेला असं नाही. एमजीबीच्या सीटमध्ये फोमच्या खाली रबराचा ताणलेला पडदा असतो. जुन्या खाटेची नवार असते ना, तसं त्याचं काम. तो लोखंडी सांगाड्याला आकड्यांनी अडकवलेला असतो. पन्नास वर्षांत रबर कडक होतं, आकड्यापाशी फाटतं आणि वरचा चांगला फोमसुद्धा खड्ड्यात जातो. नवार तुटलेल्या खाटेवर नवी गादी टाकून काय होणार? तेव्हा भावाला सांगा, आधी सीटचे बोल्ट काढ, सीट उलटी कर आणि खालून बघ. पडदा फाटला असेल तर तेवढाच बदला. खर्च थोडा आणि मूळ फोमला धक्काही नाही.

पडदा ठीक असेल तर फोम तपासा. सीटखालच्या कार्पेटवर पिवळसर भुकटी सांडलेली दिसते का? दिसत असेल तर फोम झडतो आहे. तळहाताने दाबून सोडा. हळूहळू का होईना, वर आला तर तो जिवंत आहे. दाबल्यावर तसाच राहिला किंवा चुरला तर त्याचं काम संपलं.

आता बाबांची बाजू. ती हट्टाची नाही, तिच्यात तथ्य आहे. जुन्या गाडीचा मूळ भाग एकदा काढून टाकला की गेला. इथल्या मोठ्या प्रदर्शनांत तर हात न लावलेल्या गाड्यांचा वेगळा वर्ग असतो. दुसरं म्हणजे वरचं कातडं किंवा रेक्झिन. ते खचलेल्या फोमवर इतकी वर्षं सैल पडून वाळलेलं असतं. नव्या, भरलेल्या फोमवर ते ताणलं की शिवणीपाशी टरकन फाटू शकतं. मग कव्हर नवं, मग शेजारची सीट जुनी दिसते म्हणून तिचंही नवं, मग दारांचं. एका फोमपायी अख्खी गाडी उसवते. शिवाय नव्या फोमने माणूस इंच-दीड इंच वर येतो. उंच माणसाचं डोकं छताच्या कापडाला आणि मांड्या स्टिअरिंगला लागू लागतात.

पण मुलाची बाजूही खरी आहे. आज बाबा जी उशी घेतात तो सगळ्यात वाईट उपाय आहे. जोरात ब्रेक मारला तर उशी सरकते, आणि तिच्यासोबत पट्ट्याखालचा माणूसही. उशीमुळे डोकंही वर जातं आणि मागचा डोक्याचा आधार मानेवर येतो. तेव्हा दुसरं काही ठरो न ठरो, उशी आजच बंद.

माझं मत असं. पाठीच्या भागाला हात लावू नका. वजन बैठकीवर येतं, त्यामुळे पाठीचा फोम बहुधा बरा असतो. बैठकीचा पडदा बदला. फोम जिवंत असेल तर त्यावर फक्त पातळ अस्तर घाला आणि कडेचा झिजलेला भाग तुकडा जोडून भरा. फोमची भुकटी झाली असेल तर मात्र भावना बाजूला ठेवून तो बदला. शक्य तोवर कव्हर जुनंच ठेवा. ते काढण्याआधी थोडा वेळ कोमट जागेत ठेवा, म्हणजे नरम पडेल. जे कराल ते पुन्हा उलटं करता येईल असं करा. काढलेला फोम, निदान त्याचा एक तुकडा, पिशवीत घालून वर तारीख लिहून ठेवा.

फोम घेताना दोन गोष्टी वेगळ्या विचारा : कडकपणा आणि घनता. कडकपणा बसताना जाणवतो. घनता टिकाऊपणा ठरवते. दुकानात दाबून छान वाटलेला हलका फोम दोन वर्षांत बसतो. शिवणकामाच्या दुकानातला फोम गाडीत घालू नका. सप्टेंबर १९७२ पासून बनलेल्या गाड्यांच्या आतल्या साहित्याला आग मिनिटाला चार इंचांपेक्षा वेगाने पसरू न देण्याचा नियम आहे. बाबांची गाडी त्या आधीची असली तरी फोम त्या नियमात बसणाराच मागा.

आणि "माझ्या अंगाची झाली आहे" या वाक्याचं काय? तेही सांभाळता येतं. सीट दुरुस्तीला देताना बाबांनाच सोबत न्या. शिंप्याकडे माप देतो तसं त्यांना त्या सीटवर बसवा, आणि ते "हां, आता बरोबर" म्हणेपर्यंत कारागिराला फोम कापायला सांगा. गाडी त्यांची, पाठ त्यांची, तर शेवटचा शब्दही त्यांचा. मुलाने सीट उचलायची आणि बिल भरायचं.

जाता जाता एक. आईंच्या बाजूची सीटही जरा उलटी करून बघा. "गाडी विका" यामागचं कारण कदाचित तिथेच फाटलेलं सापडेल.