दोनशे मजूर, किंमत ३,५५५ पौंड

आपल्या गावात पोर दुकानात गेले की कुठल्याही कंपनीचे चॉकलेट असो, मागते ते ‘कॅडबरी’ म्हणूनच. या नावामागे एक बेट आहे. आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात, विषुववृत्ताला लागून असलेले साओ तोमे. गोव्यावर राज्य करणारे पोर्तुगीजच तिथेही धनी होते. गोवा १९६१ मध्ये सुटला, साओ तोमे १९७५ मध्ये.

तिथल्या जुन्या कोकोच्या मळ्यांवर आता प्रवासी सहलीला जातात. मालकाचा वाडा, कोको वाळवायच्या इमारती, मळ्यातल्या छोट्या आगगाडीच्या खुणा, सगळे दाखवले जाते. ‘सोन्याची नदी’ अशा अर्थाचे नाव असलेल्या एका मळ्यात (स्वातंत्र्यानंतर ते बदलून अंगोलाच्या पहिल्या अध्यक्षांचे, आगोस्टिन्यो नेटो यांचे नाव दिले) रुंद रस्त्याच्या टोकाला भलेमोठे इस्पितळ उभे आहे. मजुरांची केवढी ही काळजी, असे पाहुण्याला वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. पैसे मोजून आणलेल्या बैलालाही धनी औषधपाणी करतोच. या मळ्याच्या मालकाने, वाले फ्लोर याने, लिस्बनमध्ये राजवाडा बांधला. तो आज मोठे हॉटेल आहे. इकडे इस्पितळाच्या पडक्या भिंतींत गरिबांची बिऱ्हाडे आहेत. सोन्याची नदी कोणीकडे वाहिली ते दिसतेच आहे.

कोकोला हात फार लागतात. फळ कोयत्याने तोडायचे, फोडायचे, गरासकट बी लाकडी पेट्यांत पाच-सहा दिवस आंबवायचे, मग वाळवायचे. कायद्याने गुलामी १८७५ मध्ये बंद झाली आणि मोकळी झालेली माणसे मळ्याकडे फिरकेनात. मग अंगोलातून ‘कंत्राटी’ मजूर जहाजात भरून आणले. कंत्राट पाच वर्षांचे, पण अंगोलाचा माणूस परत घरी गेल्याचे जवळजवळ ऐकिवात नव्हते.

१९०१ मध्ये यातला एक मळा विकायला निघाला. मालमत्तेच्या यादीत लिहिले होते: काळे मजूर २००, किंमत ३,५५५ पौंड. ही गोष्ट विल्यम कॅडबरी यांच्या कानावर गेली. माणूस धर्मभीरू. त्यांच्या कंपनीने इंग्लंडात आपल्या कामगारांसाठी बागांचे गाव वसवलेले. चौकशी झाली, माणूस पाठवला, अहवाल आला, सरकारशी पत्रव्यवहार झाला. खरेदी मात्र चालूच राहिली, थेट मार्च १९०९ पर्यंत. मधल्या काळात ‘स्टँडर्ड’ या लंडनच्या पत्राने या ढोंगावर बोट ठेवले, तेव्हा कंपनीने अब्रूनुकसानीचा दावा लावला. दावा जिंकला. भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. ज्युरीतही शहाणी माणसे असतात!

१९१३ च्या सुमारास हे चिमुकले बेट जगात कोको पिकवण्यात अग्रेसर होते. १९७५ मध्ये गोरा धनी गेला आणि त्याच वर्षी मळे सरकारी झाले. येथे आमचे कान टवकारतात. मजूर त्याच चाळींत राहिला, रोजावरच राहिला, फक्त वाड्यात साहेब बदलला. उत्पादन घसरत गेले. शेवटी १९९० नंतर जमिनीचे तुकडे करून कुटुंबांना वाटले. पुढे सेंद्रिय कोको पिकवणाऱ्यांच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे पिकवणाऱ्याच्या हातात थोडा माल आणि थोडा शब्द आला.

जमीन मिळाली म्हणजे भाव मिळाला असे नाही. कोकोचा भाव लंडन-न्यूयॉर्कच्या बाजारात ठरतो. एप्रिल २०२४ मध्ये तो टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला. त्याच महिन्यात घाना आणि आयव्हरी कोस्टच्या शेतकऱ्याला सरकारने बांधून दिलेला भाव त्याच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास होता. ज्यांनी एकाधिकार खरेदीत कापूस घातला आहे, त्यांना हा हिशेब समजावून सांगायची गरज नाही.

साओ तोमेत पाहुण्यांना चॉकलेट चाखायला देतात. जरूर द्यावे, चांगले असते म्हणतात. पण वाड्याच्या दारावर ती १९०१ ची यादी टांगावी, आणि शेजारी एक फळा लावून त्यावर रोज खडूने लिहावे: आज वाळल्या बियांना शेतकऱ्याच्या हातात किती पडले.